विश्लेषण : पातळ थरात धातू ‘धातू’ राहतो का?

धातू थंड केला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, असे आपण शाळेत शिकतो. तांब्याच्या तारेपुरते ते खरे आहे. मात्र धातूचा अतिशय पातळ, अशुद्धींनी भरलेला थर उणे २७० अंश सेल्सियसच्या खाली नेला की अनेकदा रोध हळूहळू वाढू लागतो. हे का घडते आणि त्यावर ‘नियम ठरला’ असे म्हणण्याची घाई का नको?

थरात नेमके काय घडते?

इलेक्ट्रॉन लहरीसारखाही वागतो. अशुद्धींवर आपटत फिरताना एखादी वाट त्याला निघाल्या जागी परत आणणारी असेल, तर त्याची लहर त्या वाटेने दोन्ही दिशांनी जाते. दोन्ही लहरी एका तालात परततात आणि एकमेकींना बळ देतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन परतण्याची शक्यता वाढते आणि रोधही वाढतो. उष्णतेने हा ताल बिघडतो. कडाक्याच्या थंडीत तो टिकतो. त्रिमितीत भरकटलेला कण परत येईलच असे नाही, सपाट थरात मात्र तो कधी ना कधी परततोच. म्हणून पातळ थरात हा परिणाम ठळक दिसतो.

सिद्धांत काय सांगतो?

पुरेशी अव्यवस्था असेल तर इलेक्ट्रॉन जागीच अडकतात, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवले. १९७७ च्या नोबेलचे ते एक मानकरी. १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचिआर्देलो आणि भारताचे टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी पुढचे पाऊल टाकले : द्विमितीत थोडीशी अव्यवस्थाही पुरते, निरपेक्ष शून्याला तिथे खरा धातू उरतच नाही. त्याच वर्षी डोलन आणि ओशेरॉफ यांना सोने-पॅलेडियमच्या पातळ थरांत रोधाची संथ वाढ आढळली.

मग वाद कशाचा?

या गणितात इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, ही बाब धरलेली नव्हती. १९९४ मध्ये क्रावचेन्को आणि सहकाऱ्यांनी अतिशय स्वच्छ सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये, इलेक्ट्रॉन विरळ असताना मोजमाप केले. तापमान उतरले तसा रोध झपाट्याने घसरला! हा खरा धातू, की आणखी थंड केल्यावर तोही अडकेल, यावर आजही एकमत नाही.

यातून काय घ्यावे?

१९७९ चा सिद्धांत खोटा ठरला नाही. त्याच्या अटी मात्र विसरल्या गेल्या. रामकृष्णन आणि पॅट्रिक ली यांच्या १९८५ च्या आढाव्यात इलेक्ट्रॉनांच्या परस्पर रेट्याला मोठी जागा आहे. म्हणजे अटींचे भान कर्त्यांना होते, ‘द्विमितीत धातू नाही’ एवढेच पाठ करणाऱ्यांना नव्हते. आपल्या वर्गांतही नियम शिकवला जातो, अट गळते. अशाने परीक्षा सुटते, पण संशोधक घडत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न उघडा आहे, असे सांगण्यात कमीपणा नाही. उलट, तेच त्याला प्रयोगशाळेपर्यंत आणणारे निमंत्रण आहे.