झुरळाने सांगितलेला जोक

अल्काराझ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टेनिस कोर्ट आलं असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. पण आज बोलायचंय ते दुसऱ्या अल्काराझबद्दल. लालो अल्काराझ. याच्या हातात रॅकेट नाही, पेन असतं. १९६४ मध्ये सॅन दिएगोत जन्म, म्हणजे मेक्सिकोच्या बॉर्डरला अगदी खेटून. आई-वडील मेक्सिकोतून अमेरिकेत आलेले. आणि या पठ्ठ्याच्या कॉमिक स्ट्रिपचा हिरो कोण? तर चक्क झुरळ!

स्ट्रिपचं नाव 'ला कुकाराचा'. स्पॅनिशमध्ये कुकाराचा म्हणजे झुरळ. लॉस एंजेलिसच्या 'एलए वीकली'त सुरुवात झाली आणि २००२ पासून ती अमेरिकेतल्या दैनिकांत रोज येऊ लागली. थेट राजकारणावर बोलणारी आणि देशभर छापली जाणारी ही पहिली लॅटिनो डेली स्ट्रिप मानली जाते. हिरो कुको रोचा. नाव जरा भरभर म्हणून बघा, गंमत कळेल.

पण झुरळच का? सोप्पंय. झुरळ दिसलं की आपला हात आधी चपलेकडे जातो. बॉर्डर ओलांडून आलेल्या माणसांबद्दलही लोक असंच बोलतात ना? झुंडीच्या झुंडी आल्या, सुळसुळाट झाला वगैरे. अल्काराझने काय केलं, तर त्या झुरळालाच बोलतं केलं. आता मारा बघू चप्पल!

खरी स्टोरी मात्र १९९४ ची. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते पीट विल्सन आणि इलेक्शन तोंडावर आलं होतं. मुद्दा होता प्रपोझिशन १८७. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा बंद, तातडीचे सोडून इतर सरकारी उपचारही बंद. अल्काराझने मिकी माऊसलाच 'मिग्रा माऊस' केलं. 'ला मिग्रा' म्हणजे बोलीभाषेत इमिग्रेशनचे पोलीस. पण नुसत्या चित्राने त्याचं समाधान होईना.

मग त्याने आणि त्याचा जोडीदार एस्तेबान झुल याने विल्सनना पाठिंबा देणारी एक खोटी लॅटिनो संघटनाच काढली. तिचा पुढारी डॅनियल डी. पोर्तादो. हेही नाव भरभर म्हणा. 'देपोर्तादो', म्हणजे देशाबाहेर हाकललेला! या महाशयांची मागणी काय, तर सरकारने आम्हाला हाकलायचे कष्ट कशाला घ्यायचे? आम्ही आपणहून जातो! त्याला त्यांनी नाव दिलं 'सेल्फ डिपोर्टेशन'. 'टेलेमुंदो' या स्पॅनिश चॅनेलला हे सगळं खरंच वाटलं. त्यांनी पोर्तादोसाहेबांना टॉक शोला बोलावलं आणि अल्काराझ तो वेष घेऊन गेलासुद्धा.

इथपर्यंत धमाल आहे. पुढचं ऐका. नोव्हेंबरात विल्सन जिंकले, १८७ ही पास झालं आणि त्याच महिन्यात विल्सननी 'सेल्फ डिपोर्ट' हा शब्द अगदी गंभीरपणे वापरला. जानेवारी २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले मिट रॉम्नी टीव्हीवरच्या डिबेटमध्ये तेच बोलले. (त्यांचे स्वतःचे वडील मेक्सिकोत जन्मलेले, हा बोनस जोक.) मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकन सरकारने त्यासाठी मोबाईल अॅप आणलं आणि मे महिन्यात आपणहून जाणाऱ्याला हजार डॉलर जाहीर केले. अठरा वर्षांनी डिबेटमध्ये, एकतीस वर्षांनी फोनमध्ये. कार्टूनिस्टने हसून सोडून दिलेली गोष्ट सरकारने मनावर घेतली म्हणायची!

मग कार्टूनने काही होतं की नाही? होतं. २०१३ बघा. डिस्नेने 'दिया दे लोस मुएर्तोस' या नावाचा ट्रेडमार्क घेण्यासाठी अर्ज केला. हा मेक्सिकन लोकांचा पितरांच्या आठवणीचा सण. आपण उद्या 'सर्वपित्री'चा ट्रेडमार्क कुणाला देऊ का? अल्काराझने लगेच 'मुएर्तो माऊस' काढला, शहरावर चाल करून येणारा अक्राळविक्राळ हाडांचा उंदीर. चहूकडून बोंब झाली आणि काही दिवसांतच डिस्नेने अर्ज मागे घेतला. एवढंच नाही, त्याच सणावरच्या 'कोको' (२०१७) सिनेमासाठी अल्काराझलाच सल्लागार नेमलं. तेव्हा त्याच्याच काही चाहत्यांनी त्याला 'विकला गेला' म्हणूनही ऐकवलं. बिचारा!

आता हे दोन किस्से शेजारी ठेवा. माणूस तोच, पेन तेच. डिस्ने दोन-चार दिवसांत नमलं, राजकारणी नमले नाहीत. कारण साधं आहे, बॉस. डिस्नेला लॅटिनो प्रेक्षकांची तिकिटं हवी होती. पण ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्याच्याकडे मतही नाही. टोचणारं चित्र कुणीही काढेल. ते टोचतं कधी, तर चित्रातला माणूस समोरच्याचं काही बिघडवू शकतो तेव्हा. १८७ कोर्टात अडकलं आणि कधीच नीट लागू झालं नाही. पण त्या धसक्याने कॅलिफोर्नियातल्या हजारो लॅटिनोंनी नागरिकत्व घेतलं, मतदार यादीत नाव घातलं आणि पुढे त्या राज्याचं राजकारणच बदललं. कार्टूनने त्यांना मत दिलं नाही. पण आपल्यावर हसणाऱ्यांवर उलटून हसता येतं, हे मात्र दाखवलं.

आणि हे नातं आपल्याला नवं थोडंच आहे? १९६० मध्ये मुंबईत बाळ ठाकरेंचं 'मार्मिक' सुरू झालं. तिथे रोख परप्रांतीयांवर होता आणि कुंचला इथल्या माणसाच्या हातात. त्या चित्रांनी आणि 'वाचा आणि थंड बसा' म्हणत छापलेल्या नावांच्या याद्यांनी एक पक्ष उभा राहिला. अल्काराझने ब्रश दुसऱ्या बाजूने धरला. आपल्यापैकी किती जणांचे भाऊ-बहिणी आज व्हिसाच्या तारखेवर डोळे लावून कॅलिफोर्नियात बसलेत, ते आठवा. इथे यजमान असणारा तिथे पाहुणा असतो आणि तोच जोक विमानतळ बदलला की आपल्यावर येतो.

२०२१ मध्ये अल्काराझ पुलित्झरच्या शेवटच्या तिघांत होता. त्या वर्षी कार्टूनचं पुलित्झर कुणालाच दिलं गेलं नाही. २०२२ मध्ये त्याला हर्बलॉक प्राइझ मिळालं. झुरळ म्हणे काहीही सहन करून जगतं. हे झुरळ तर वर जोकही मारतं. फक्त तो सरकारी अधिकाऱ्यांना ऐकवताना जरा जपून, ते लिहून घेतात!