पँट मोज्यात खोचलीस?

मार्चमध्ये सत्तरीतल्या आमच्या काजूच्या बागेत बोंडू वेचायला निघालं, की काकी दारातच अडवते: "पँट मोज्यात खोचलीस?" पूर्वी मी हसायचे. मग शेजारच्या वाडीत माकडताप आला.

तो पसरवणारी गोचीड पिल्लू असताना जेमतेम खसखशीएवढी. चावली तरी कळत नाही. पाचोळ्यात असते, म्हणून पाचोळ्यावर बसून जेवणं बंद. उघड्या हातापायांना आरोग्य केंद्रातून मिळणारं डेपा तेल. (वासाची सवय होते.) घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, आंघोळ, आणि काखेत, कानामागे, गुडघ्यामागे एकमेकींची तपासणी. रुतलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही.

परवा मला ताप भरला. डॉक्टरांना आधी बागेचं सांगितलं, मग तापाचं. रक्त तपासायला दिलंय.