ती पेटी बूलची नव्हे!

जुन्या फ्रेंच पेट्यांचे फोटो बघत बसायचा मला नाद आहे, हे घरच्यांना ठाऊक आहेच. पण एका गोष्टीने डोकं फिरतं. कासवाच्या कवचात पितळेची नक्षी दिसली रे दिसली, की लावलं लेबल... 'बूलची पेटी'!

अहो, आंद्रे-शार्ल बूल १७३२ सालीच वारला. विक्रीला येणाऱ्या अशा कितीतरी पेट्या तिसऱ्या नेपोलियनच्या काळातल्या, म्हणजे १८५२ ते १८७० मधल्या असतात. त्या काय त्याने स्वर्गातून पाठवल्या? बरं, तंत्र तरी त्याच्या एकट्याचं कुठे होतं? त्याच्या आधीपासून पॅरिसमध्येच पिएर गोल असं काम करत होता.

आता कामच बघा. पितळेचा पत्रा आणि कवचाचा पातळ तुकडा एकावर एक चिकटवायचे, वर नक्षीचा कागद लावायचा आणि बारीक करवतीने सगळं एकदम कापायचं. मग पितळेची नक्षी कवचात बसवायची आणि कवचाची पितळेत. हात चुकला की दोन्ही फुकट!

हे करणाऱ्याचं नाव बहुतेक पेट्यांवर नसतंच. 'बूल-शैली' म्हणा, माझी काहीच हरकत नाही. पण विकणारे नेमका 'शैली' हा शब्द गाळतात, कारण मोठ्या नावाला मोठी किंमत येते. आणि आपणही तेच गिरवतो.

'एका शब्दाने असा काय फरक पडतो?' असं म्हणाल. आपल्याला नाही पडत. ज्याच्या हातात करवत होती, त्याला पडतो.