पडद्यावरच्या मोशेची जीभ कधी अडखळत नाही

सेसिल बी. डिमिल यांच्या 1956च्या ‘द टेन कमांडमेंट्स’ चित्रपटात बायबलमध्ये नसलेले पुष्कळ काही आहे. मोशेवर जीव टाकणारी राजकन्या नेफ्रेतिरी शास्त्रात सापडत नाही. ‘निर्गम’च्या पुस्तकात फारोला नावही नाही. टीकाकार बोट ठेवतात ते अशा भरतीवर. पण खरी मोडतोड झाली ती जे गाळले वा पुसट केले त्यात. ‘निर्गम’मधला मोशे आपल्याला नीट बोलता येत नाही म्हणून देवाचे काम टाळू पाहतो, दुसऱ्या कुणाला पाठव म्हणतो, आणि देव रागावून त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाऊ अहरोन याला देतो. फारोपुढे उभा राहतो तेव्हा तो 80 वर्षांचा असतो. चार्ल्टन हेस्टनचा मोशे मात्र बलदंड आणि खणखणीत आवाजाचा. अहरोन नुसता सोबतीला!

यावर म्हणतील, सिनेमा म्हणजे प्रवचन नव्हे, आणि मोशेच्या तारुण्याबद्दल शास्त्र जवळजवळ गप्पच आहे. कबूल. ती पोकळी भरायला डिमिल यांनी फिलो, जोसेफस या प्राचीन ज्यू लेखकांचा आधार घेतला, आणि तो श्रेयनामावलीत उघड सांगितला. पण मोशेच्या जिभेबाबत शास्त्र गप्प नाही. अपात्र माणसाची निवड हाच त्या कथेचा कणा आहे. हुकूमशाहीविरुद्ध स्वातंत्र्य अशी मांडणी करणाऱ्या शीतयुद्धकालीन हॉलिवूडला रुबाबदार नायक हवा होता. तो त्याने घडवला. चित्रपट जरूर पाहा, पण ‘निर्गम’चा तिसरा आणि चौथा अध्याय आधी वाचा.