गॅपवाला चॅम्पियन

इंटरव्ह्यू कसा मस्त चाललेला असतो. पगाराचा आकडाही आपण मनातल्या मनात पक्का केलेला असतो. आणि मग समोरचा माणूस बायोडेटावर बोट ठेवून विचारतो, ‘हे मधलं दीड वर्ष काय करत होतात?’ झालं! आपण घसा खाकरतो. घरची अडचण, एखादा कोर्स, थोडंफार फ्रीलान्सिंग... जे सुचेल ते. खरं उत्तर असतं, ‘कंटाळा आला होता हो, दुसरं काहीतरी करून बघत होतो.’ पण ते बोलायची टाप कुणाची? आपल्याकडे डिग्रीला केटी लागली तर चालते, करिअरला गॅप चालत नाही.

माझ्या सीव्हीतही अकरा महिन्यांचं असंच एक भोक आहे आणि गेली कित्येक वर्षं मी ते वेगवेगळ्या रंगांच्या ठिगळांनी झाकतोय. म्हणूनच पॅट्रिक अँडरसन नावाच्या माणसावर मी फिदा आहे. त्याच्या सीव्हीत एक नाही, दोन-दोन गॅप आहेत. आणि तरीही त्याच्या खेळातला आजवरचा सर्वोत्तम खेळाडू कोण, असं विचारलं की त्या खेळातली बरीच जाणकार मंडळी याचंच नाव घेतात.

देश कॅनडा. खेळ व्हीलचेअर बास्केटबॉल.

‘व्हीलचेअर’ हा शब्द वाचून चेहऱ्यावर ठेवणीतलं ‘अरेरे’ आलं असेल तर ते आधी पुसून टाका. इथे त्याचं काही काम नाही. कोर्ट नेहमीचंच, २८ मीटर बाय १५ मीटर. रिंगही तेवढीच उंच, ३.०५ मीटर. ती कुणी दोन फूट खाली आणून देत नाही. चाकांना दोनदा ढकललं की बॉल टप्पा मारायचा, पास करायचा नाहीतर शॉट घ्यायचा. खुर्च्या एकमेकींवर धाडकन आदळतात, माणूस खुर्चीसकट आडवा होतो आणि बऱ्याचदा स्वतःच हातावर जोर देऊन खुर्चीसकट उभा राहतो. बघताना आपल्याच बरगड्या दुखायला लागतात.

आणि यातला एक फंडा तर आपल्या एचआरवाल्यांनी शिकून घ्यावा असा आहे. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या हालचालींनुसार १ ते ४.५ पर्यंत पॉइंट असतात. पोटापासून खाली ताबा नसलेला खेळाडू १ चा, कंबर आणि धड पूर्ण ताब्यात असलेला ४.५ चा. कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. अँडरसन ४.५ वाला. म्हणजे पाच अँडरसन एका वेळी उतरवायची सोयच नाही! सोबत १ आणि २ वाले लागणारच. ते खुर्ची अशी काही आडवी घालतात की समोरच्याची वाटच बंद. खुर्चीवरून उडी थोडीच मारता येते? ते भिंत उभी करतात, मग स्टार मोकळा होतो.

आता अँडरसनची गोष्ट. जन्म १९७९ चा, एडमंटनचा. वाढला ओंटारिओमधल्या फर्गस नावाच्या छोट्या गावात. नऊ वर्षांचा असताना एका दारुड्या ड्रायव्हरने गाडीखाली घेतलं आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. पुढच्याच वर्षी तो व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायला लागला. १९९७ मध्ये कॅनडाच्या ज्युनियर टीमबरोबर जगज्जेता. २००० मध्ये सिडनी पॅरालिम्पिकमध्ये गोल्ड, तेव्हा वय २१. २००४ मध्ये अथेन्सला पुन्हा गोल्ड. २००६ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप. मधल्या काळात अमेरिकेतली इलिनॉय युनिव्हर्सिटी, मग जर्मनीतला लान-डिल हा नावाजलेला क्लब. खुर्चीचं एक चाक हवेत उचलून, दुसऱ्या चाकावर तोल सांभाळत हात वर नेण्याची त्याची कला बघण्यासारखी. ज्या खेळात उडी मारता येत नाही, त्यात हा पठ्ठ्या जवळपास उडीच मारतो!

ग्राफ सरळ वर चाललेला. २००८ मध्ये बीजिंगला फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हरले, तरी सिल्व्हर होतंच. वय २९. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रमोशनची वेळ.

आणि साहेब निघून गेले. न्यूयॉर्कला, संगीताच्या नादाने.

आपल्या घरी असं सांगून बघा बरं! आई डोक्याला हात लावेल, बाबा पेपरमधून मान वर काढणार नाहीत आणि काका फोन करून म्हणतील, ‘अरे, छंद रविवारी करायचे असतात.’

पण तो परत आला. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकची फायनल, समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. कॅनडा ६४-५८ ने जिंकलं. त्या ६४ पैकी ३४ पॉइंट एकट्या अँडरसनचे! वर १० रिबाउंड आणि ८ असिस्ट. तिसरं गोल्ड. सिनेमा असता तर इथे पडदा पडला असता आणि आपण डोळे पुसत पार्किंगकडे गेलो असतो.

खरी गंमत पुढे आहे. त्याने पुन्हा खेळ सोडला. या वेळी रीतसर निवृत्ती. बायको अ‍ॅना पॅडॉक हिच्यासोबत ‘द ले अवेक्स’ नावाची जोडी करून गाणी केली. आणि २०१७ मध्ये, चाळिशी दोन-तीन वर्षांवर आलेली असताना, पुन्हा कॅनडाच्या टीममध्ये हजर.

या वेळी मात्र जादू झाली नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कॅनडा पदकाच्या जवळपासही गेलं नाही. २०२४ मध्ये पॅरिसचं तिकीट अगदी शेवटच्या पात्रता स्पर्धेतून मिळालं. तिथे ब्राँझच्या मॅचपर्यंत पोचले आणि जर्मनीकडून हरले. चौथा नंबर. अँडरसनचं हे सहावं पॅरालिम्पिक आणि वय ४५.

मग परत येऊन मिळवलं काय? हा प्रश्न पडतोच. आपल्याला गॅपही माफ असते, पण एका अटीवर. परत आल्यावर डबल परफॉर्मन्स द्यायचा! लंडनची गोष्ट म्हणूनच आपल्याला आवडते. ब्रेक घेतला, ‘रिचार्ज’ झाला, गोल्ड आणलं. हिशेब चुकता. पॅरिसचा हिशेब मात्र तसा जुळत नाही.

आणि खोटं कशाला बोला, गॅप फुकट मिळत नाही. मधली पाच वर्षं कुणी परत देत नाही. शिवाय तो अँडरसन आहे. त्याच्यासाठी टीममधली जागा पुन्हा उघडते. आपली खुर्ची सोमवारी रिकामी झाली तर गुरुवारी तिथे दुसऱ्याचा मग ठेवलेला असतो, आणि ईएमआय तर गाणं वगैरे काही ऐकत नाही. त्यामुळे ‘राजीनामे द्या आणि गिटार घ्या’ असं मी कुणालाही सांगणार नाहीये.

पण एक गोष्ट मला त्याच्याकडून घ्यावीशी वाटते. त्याच्या रेकॉर्डमध्ये तीन गोल्ड, एक सिल्व्हर, एक चौथा नंबर आणि मधल्या मोकळ्या जागा, सगळं उघड्यावर आहे. त्या मोकळ्या जागांत त्याने गाणी केली. ती पुढच्या गोल्डची तयारी नव्हती, ती गाणीच होती. माझ्या अकरा महिन्यांत मी आजोबांकडे गावी राहिलो, विहिरीत पोहायला शिकलो आणि जुना रेडिओ दुरुस्त केला. यातलं काहीही कुठल्याही जॉबच्या उपयोगाचं नाही. तरी परवा सीव्ही अपडेट करताना मी त्यातलं एक ठिगळ उसवलं. ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ काढून टाकलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही.

या वीकेंडला वेळ असेल तर लंडनची ती फायनल शोधून बघा. अंगावर काटा येईल. मग पॅरिसची ब्राँझची मॅचही बघा. त्यात पंचेचाळिशीचा एक माणूस हरणाऱ्या टीमकडून खेळताना दिसेल. मला विचाराल तर दोन्ही सारख्याच मन लावून बघा, बॉस.