हेअर ट्रान्सप्लांटनंतर रोजचं आयुष्य कधी सुरू करायचं?

कोलकात्यात राहणाऱ्यांना एक सवय लागते. कुठलंही काम 'पूजेच्या आधी' उरकायचं! नवे कपडे पूजेच्या आधी, घराची रंगरंगोटी पूजेच्या आधी. हेअर ट्रान्सप्लांट करायचं ठरवलेला मुलगाही असाच हिशेब मांडतो. ऑगस्टमध्ये करून घेऊ, म्हणजे ऑक्टोबरमध्ये अष्टमीच्या फोटोत केस दिसतील.

हा हिशेब चुकतो. दोन महिन्यांनी डोकं बहुतेक वेळा आधीसारखंच दिसतं, कधीकधी आधीपेक्षा विरळही. म्हणून आज बोलूया ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल. ज्यांनी करून घेतलंय त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीसुद्धा.

आधी थोडं समजून घेऊ

डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस सहसा टक्कल पडलं तरी टिकून राहतात. तिथले केस मुळासकट काढून पुढे किंवा माथ्यावर लावले, तरी ते आपला मूळ गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्रिच यांनी १९५०च्या दशकात हे दाखवून दिलं आणि आजचं ट्रान्सप्लांट त्याच तत्त्वावर उभं आहे. एका ग्राफ्टमध्ये साधारण एक ते चार केस असतात. असे शेकडो, कधी हजारो ग्राफ्ट एकेक करून बसवले जातात.

शेतात रोप लावल्यावर ते लगेच ओढून बघत नाही ना आपण? इथेही तसंच आहे. ग्राफ्ट पक्के धरायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. तोवर घासणं, खाजवणं, खपली काढणं, डोकं आपटणं, सगळं टाळायचं.

कधी काय सुरू करायचं?

प्रत्येकाचं ऑपरेशन वेगळं असतं. त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. तरी ढोबळ अंदाज असा.

पहिले तीन-चार दिवस: उशा उंच करून, डोकं वर ठेवून झोपायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांभोवती सूज उतरू शकते. आरशात बघून दचकायला होतं, पण ती सहसा काही दिवसांत ओसरते. टी-शर्ट डोक्यावरून ओढण्यापेक्षा पुढे बटणं असलेला शर्ट बरा.

पहिला आठवडा: बसून करायचं काम असेल, तर बरेच जण तीन ते सात दिवसांत कामाला लागतात. घरून काम करता आलं तर उत्तम. डोकं कधी आणि कसं धुवायचं ते डॉक्टर शिकवतात. शॉवरची जोरदार धार नको, मगने हळूहळू पाणी सोडायचं.

दहा ते चौदा दिवस: खपल्या गळून पडतात. मागून कातडीची पट्टी काढून ग्राफ्ट घेतले असतील, तर टाकेही साधारण याच सुमारास काढतात. हेल्मेटबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते परवानगी देईपर्यंत दुचाकीच चालवू नका. विनाहेल्मेट जाणं हा पर्याय नाही.

दोन ते चार आठवडे: साधं चालणं आधीच सुरू झालेलं असतं. जिममधली वजनं, फुटबॉल, धावणं आता विचारून हळूहळू सुरू करायचं. पोहण्यासाठी आणि केस रंगवण्यासाठी महिनाभर तरी थांबा. दोलच्या रंगांनाही हाच नियम.

कोलकात्याचं वेगळं गणित

इथला दमट उकाडा सगळ्यांना माहीत आहे. मे-जूनमध्ये नुसतं बसून घाम गळतो आणि ओल्या, चिकट डोक्याला खाज सुटते. सोय असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला सोपे. पण तेव्हा वेगळा धोका असतो, मंकी कॅपचा! थंडीची पहिली झुळूक आली की इथे घरोघरी ती बाहेर निघते. पहिल्या दोन आठवड्यांत ती घट्ट टोपी नकोच. डॉक्टरांनी सांगितलेली सैल टोपी वापरा.

प्रवासातही जपा. शेअर ऑटोत शिरताना छपराला डोकं लागतं, गर्दीच्या बसमध्ये वरच्या दांड्याला लागतं. पहिले दहा दिवस गर्दीची वेळ टाळा किंवा टॅक्सी करा.

लपवण्याची धडपड

खरी अडचण मात्र वेगळीच असते. पुष्कळ जण हे कुणाला सांगतच नाहीत. ऑफिसात चेष्टा होईल, लग्नाच्या स्थळाला कळेल, नातेवाईक म्हणतील 'एवढे पैसे केसांवर?' मग चौथ्याच दिवशी घट्ट टोपी घालून कामावर जायचं, रजा मागायची नाही, खपल्या दिसू नयेत म्हणून त्या नखाने काढायच्या. ग्राफ्टचं नुकसान होतं ते अशा वेळी.

सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. पण घरातल्या एका माणसाला आणि ऑफिसातल्या एका माणसाला सांगून ठेवा. 'डोक्यावर छोटं ऑपरेशन झालंय, दहा दिवस जपायचंय,' एवढं पुरे.

आणि घरच्यांनो, प्रेमाने केलेलं तेलमालीश सध्या राहू द्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तेलाची बाटली कपाटात.

केस गळायला लागले तर?

दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान लावलेले केस गळू लागतात. उशीवर केस दिसले की वाटतं, पैसे पाण्यात गेले. पण बहुतेक वेळा हे अपेक्षितच असतं. केसाचा वरचा भाग गळतो, मूळ आत राहतं आणि काही काळ विश्रांती घेतं. नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डोकावतात, सहाव्या महिन्यात फरक जाणवतो आणि पूर्ण चित्र दिसायला वर्षभर लागतं. माथ्यावर त्याहूनही जास्त. दरम्यान आधीचे मूळ केस टिकावेत म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं असेल, तर ते मनाने बंद करू नका.

म्हणजेच यंदाची अष्टमी गाठायची असेल, तर ट्रान्सप्लांट गेल्या पूजेच्या सुमारास व्हायला हवं होतं. लग्नाच्या तारखेचाही हिशेब असाच करा.

हे मात्र अंगावर काढू नका

ताप येणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, पू येणं, लाली पसरत जाणं, कातडी काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. श्वास घ्यायला त्रास, चेहरा किंवा घसा अचानक सुजणं, चक्कर येऊन पडणं असं झालं तर थेट हॉस्पिटल. 'लोकांना कळेल' या भीतीने एक रात्रही थांबू नका. ही शस्त्रक्रिया आहे, पार्लरमधलं काम नाही. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, नुसतं यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून हे काम सुरू करता येत नाही, रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टरच हवा, असं सांगितलं आहे. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीच विचारा, 'नंतर रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार?' आणि तो नंबर घरच्यांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.