झाकणाची शेगडी



सांगलीच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "पुढच्या महिन्यात लेकीकडे अमेरिकेला निघाले आहे. जावयांनी अंगणात एक भली मोठी, अंड्याच्या आकाराची शेगडी आणून ठेवली आहे. तिला 'कामादो' म्हणतात म्हणे. लेक म्हणते, आई, तुला कोळशाची सवय आहे, तूच आम्हांला पेटवायला शिकव. मला तर फोटो पाहूनच धडकी भरली. ही पेटवायची तरी कशी?"

पत्र वाचलं आणि माझी नजर आपोआप माझ्या डाव्या मनगटाकडे गेली. तिथे एक फिकट डाग आहे. त्याची हकीगत आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल.

माझी लेक अटलांटाजवळ राहते. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. तिच्याकडेही ही अंड्यासारखी शेगडी! जाड सिरॅमिकची, वर तसंच जाड बिजागरीचं झाकण. खाली हवा आत घ्यायला एक सरकती खिडकी, झाकणाच्या टोकाला हवा बाहेर सोडायला फिरती चकती, आणि झाकणावर उष्णता दाखवणारं घड्याळ. रविवारी चार माणसं जेवायला यायची होती. वांग्याचं भरीत करायचं ठरलं. जावईबापू कोळसे पेटवायला उठले, तशी मी म्हटलं, "तुम्ही राहू द्या हो. कोळसा म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!"

आणि ते खोटंही नव्हतं. १९७८ साली लग्न होऊन आले तेव्हा घरात गॅस नव्हता. नंबर लागेपर्यंत तीन वर्षं कोळशाच्या शेगडीवर सगळा स्वयंपाक केला. गॅलरीत बसून, नारळाची शेंडी आणि करवंटी घालून, पुठ्ठ्यानं वारा घालत शेगडी फुलवायची, धूर गेला की मगच आत आणायची. तेव्हा माझ्या मनात आलं, ही शेगडी ती काय वेगळी?

वेगळी होती. मी सगळे कोळसे एकदम पेटवले. वारा भरपूर मिळाला, आणि झाकण लावल्यावर बघता बघता काटा ६०० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला. मी घाबरले. खालची खिडकी बंद केली, वरची चकती बंद केली. दहा मिनिटांनी वाटलं, आता शांत झाली असेल. वांगी घेतली आणि झाकण एका झटक्यात वर केलं. भस्सकन् जाळ बाहेर आला! लेक ओरडली, "आई, मागे हो!" जावईबापूंनी मला मागे ओढलं. मनगट भाजलं, हातावरचे केस जळले. नशीब, साडी सुती होती आणि पदर कमरेला खोचलेला होता. नायलॉनची असती तर हा लेख लिहायला मी बसले नसते.

असं का झालं? संध्याकाळी जावयांनी मला समजावलं. झाकण आणि खिडकी दोन्ही बंद केल्यावर कोळसा विझत नाही, गुदमरतो. तापलेला तर असतो, पण जळायला हवा मिळत नाही. मग न जळलेले वायू आत कोंडून राहतात. झाकण उघडलं की बाहेरची ताजी हवा आत घुसते आणि तो सगळा कोंडमारा एकदम पेट घेतो.

तेव्हा मला कळलं की आपली शेगडी आणि ही शेगडी यांत फरक एकच. आपली उघडी, तिला हवा हवी तेवढी. म्हणून आच कमी-जास्त करायची तर आपण कोळसे कमी-जास्त करायचो. हिच्यात कोळसे भरपूर घालायचे आणि आच हवेनं ठरवायची. खालची खिडकी बोटभर उघडी ठेवली तर मंद, तळहाताएवढी उघडली तर प्रखर.

तसं पाहिलं तर ही परदेशातली नवलाईही नाही. 'कामादो' हा जपानी शब्द, अर्थ साधा 'चूल'. जपानात वाफेवर भात शिजवायच्या मातीच्या गोल, झाकणाच्या चुली होत्या, त्यांना मुशी-कामादो म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी त्या घरी नेल्या. पुढे १९७४ मध्ये माझ्या लेकीच्याच अटलांटा शहरात एका गृहस्थांनी त्यांचा व्यापार सुरू केला आणि माती जाऊन टिकाऊ सिरॅमिक आलं. म्हणजे कुणा आजीची भाताची चूलच ती!

आता पेटवायची रीत. सांगलीच्या ताई, ही नीट वाचा.

कोळसा. लाकडाचा अखंड, ओबडधोबड तुकड्यांचा कोळसा घ्यावा. दुकानात उशीच्या आकाराच्या दाबून केलेल्या वड्याही मिळतात. आपण पूर्वी चुऱ्याचे गोळे वळायचो ना, त्याच जातीच्या. त्यांची राख फार होते आणि खालची भोकं बुजतात. मागच्या वेळचे उरलेले कोळसे आधी काडीनं ढवळा, राख खाली पडू द्या, ती खालच्या खिडकीतून काढून टाका. मग मोठे तुकडे तळाशी आणि लहान वर, असे रचा. मोठ्यांच्या फटींतून हवा वर येते.

पेटवणं. रॉकेल किंवा पेटवायचं पातळ द्रव्य मुळीच वापरू नये. सिरॅमिकला बारीक छिद्रं असतात, त्यांत तो वास मुरतो आणि महिनाभर वांग्यालाही रॉकेलचाच वास येतो. पेटत्या निखाऱ्यावर द्रव ओतणं तर जिवावरचंच काम! त्याऐवजी मेणात बुडवलेल्या लाकडाच्या तंतूंची गुंडी मिळते, ती वापरावी. नसेल तर कागदी रुमालाला खायचं तेल चोपडून घट्ट पीळ द्यावा. आपला काकडाच की तो! तो कोळशांच्या मधोमध, एकाच ठिकाणी, नाहीतर फार तर तीन ठिकाणी खोचून पेटवायचा. इथेच मी चुकले होते. सगळे कोळसे एकदम पेटवले की आच आवरत नाही. एका ठिकाणी पेटवला की विस्तव हवेप्रमाणे हळूहळू पसरतो.

झाकण. पहिली दहा मिनिटं झाकण उघडं आणि खालची खिडकी पूर्ण उघडी. पाच-सहा कोळसे लाल झाले की झाकण लावा, वरची चकती उघडीच ठेवा. आधी दाट पांढरा धूर येईल. तो असेतो काही भाजायला ठेवू नका, पदार्थ कडवट लागतो. धूर पातळ, निळसर, दिसेनासा झाला की शेगडी तयार. सगळं मिळून अर्धा ते पाऊण तास लागतो. पाहुणे सहाला यायचे असतील तर पाचला पेटवा.

आच. काटा चढत असतानाच खिडकी लहान करत जायचं. जी आच हवी त्याच्या ५० अंश फॅरनहाइट आधीच हात घालावा. कारण ही जाड भिंत एकदा तापली की तासन् तास तापलेली राहते, खाली यायला फार वेळ घेते. मंद शिजवायला २२५ ते २५० अंश, भरताच्या वांग्याला नि कणसाला ४०० च्या आसपास. घाईनं थंड करायला पाणी कधीही मारू नका, तडा जाईल आणि वाफेनं हात भाजेल तो वेगळाच.

उघडणं. हे तर घोकूनच ठेवा! आधी चकती आणि खिडकी उघडा. मग झाकण फक्त एक-दोन इंच उचला, आणि पाच-सहा सेकंद तसंच धरा, म्हणजे आतला कोंडलेला वायू हळूहळू सुटेल. मग पूर्ण उघडा. तोंड बाजूला, हातात लांब जाड मोजा, पदर खोचलेला. लेकी-सुनांना ओढणीही बाजूला ठेवायला सांगा. मुलांना चार हात लांब.

विझवणं. खिडकी आणि चकती, दोन्ही बंद. कोळसा आपोआप विझतो आणि उरलेला पुन्हा उपयोगी पडतो. पूर्वी आपण निखारे झाकणाच्या डब्यात कोंबून विझवायचो, तीच युक्ती. राख मात्र दुसऱ्या दिवशी काढा, आणि तीसुद्धा पत्र्याच्या बादलीत. राखेखाली निखारा चोवीस तासही जिवंत राहतो.

आणि समजा, हे सगळं करूनही भाजलंच, तर? लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं हात धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-हळद नको. फोड मोठे असले, किंवा तोंडाला भाजलं असलं, तर डॉक्टरकडे.

इथवर शेगडीचं झालं. पण हे लिहिताना एक जुनी गोष्ट मनातून जाईना, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८१ सालचा डिसेंबर. थोरल्या जाऊबाई बाळंत झाल्या होत्या. थंडी कडाक्याची. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खोलीची खिडकी लावून घेतलेली, दाराखालच्या फटीत गोणपाट, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. दुपारी जाऊबाई म्हणाल्या, "डोकं फुटतंय गं." मग उलट्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, बाळंतवात असेल. बाळही निपचित पडलेलं, प्यायला उठेना. तेवढ्यात मालिश करायला सुईण आली. तिनं दार उघडलं, नाक मुरडलं, आणि एक शब्द न बोलता आधी खिडकी सताड उघडली, शेगडी बाहेर नेऊन ठेवली, बाळाला घेऊन ओसरीवर बसली. तासाभरानं दोघं सावरली. तो बाळ आज दोन मुलांचा बाप आहे.

त्या वेळी आम्हांला काही उमगलं नाही. आता कळतं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट तो आपल्या रक्ताला चिकटतो, मग रक्तात प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही त्याची लक्षणं. झोपलेल्या माणसाला तर तीही कळत नाहीत. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत अगदी चुकीची. लाल फुललेला, बिनधुराचा निखाराही हा वायू सोडतच असतो. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतोच.

म्हणून ताई, पाऊस आला, बर्फ पडलं, तरी ती शेगडी अंगणातच राहू द्या. गॅरेजमध्ये नको, काचा लावलेल्या गॅलरीत नको, "दार उघडं आहे ना" म्हणून व्हरांड्यातही नको. आणि ज्यांच्या घरी यंदा बाळंतपण आहे, त्यांनी शेक-शेगडीचा हट्ट सोडावा. गरम पाण्याची पिशवी द्यावी, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकावी. बाळंतिणीला वारं लागेल या भीतीनं आपण तिची हवाच तोडतो, आणि कोळसा नेमका तिथेच दगा देतो.

जमल्यास एवढं कापून फ्रिजवर चिकटवा: कोळसा भरपूर, पेटवणं एका जागी, आच हवेनं, झाकण आधी दोन इंच, आणि शेगडी नेहमी उघड्यावर.

त्या रविवारी भरीत झालं का, असं विचाराल. झालं. जावयांनी वांगी भाजली, मी एका हातानं कांदा चिरला आणि लेकीनं फोडणी दिली. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते पाहू. तुमच्या युक्त्या जरूर कळवा.